सारवलेली गाडी

छायाची टाच गाडीच्या तळातून खाली गेली ती मखमलाबादच्या रस्त्यावर, ऐन पहाटे, मागे झेंडू-शेवंतीच्या टोपल्या भरलेल्या असताना. एक कुत्रं आडवं आलं, तिनं क्लच आणि ब्रेक एकदम दाबले, आणि डाव्या पायाची टाच जी रुतली ती रुततच गेली. आधी तिला वाटलं, पायाखाली काहीतरी ओलं आलंय. मग टाचेला गार वारा लागला. गाडी उभी करून तिनं वाकून पाहिलं तर भोकातून डांबर दिसत होतं. रस्ता पुढच्या काचेतून दिसावा हे ठीक. तो पायाखालून दिसायला लागला की माणसानं समजून घ्यावं.

छायानं समजून घेतलं नाही. पत्र्यानं टाच चांगलीच कापली होती. तिनं रुमाल फाडून बांधला, भोकावर एका टोपलीचं झाकण टाकलं, पंचवटीत जाऊन सगळी फुलं विकली आणि दुसऱ्या गिअरवर गाडी घरी आणली. सासूला सांगितलं, क्लचप्लेट गेली आहे. टाचेचं नावही काढलं नाही.

गाडी म्हणजे एक जुनी पद्मिनी. कधी काळी मलईच्या रंगाची असावी. छायाचा नवरा ललित सातपूरच्या एका कारखान्यात होता. तिथले एक साहेब बदली होऊन निघाले तेव्हा त्यांनी ती स्वस्तात देऊन टाकली आणि ललितनं हौसेनं घेतली. हौस दांडगी, पण समोरून एसटी आली की गड्याचे हात थरथरायचे. दोनदा गाडी बांधाला घासली आणि मग ती गोठ्याशेजारी उभीच राहिली. कोंबड्या तिच्या टपावर बसायला लागल्या. छायाचे वडील वणीला यात्रेकरूंची जीप चालवत, आणि लग्नाआधीच त्यांनी लेकीला गडाच्या पायथ्यापर्यंत जीप न्यायला शिकवलं होतं. ही गोष्ट सासरी कुणी विचारली नव्हती, म्हणून तिनं सांगितली नव्हती. पण सासूची, नवसाबाईंची, मान डोक्यावरच्या टोपल्यांनी पार आखडली, फुलं पंचवटीपर्यंत न्यायची कशी हा प्रश्न पडला, तेव्हा छाया एक दिवस हळूच म्हणाली, "मी नेते गाडीनं."

नवसाबाईंच्या घरात देवाच्या फुलांचा कायदा होता, आणि तो वकील लावून वाकणारा नव्हता. तोडलेलं फूल हुंगायचं नाही. मळ्यात चप्पल घालून पाऊल टाकायचं नाही. टोपली सारवलेल्या जागेशिवाय खाली टेकवायची नाही. आता देवाची फुलं गाडीत, म्हणजे जिथे साहेबाचे बूट लागले त्या पत्र्यावर ठेवायची? नवसाबाईंनी दोन दिवस विचार केला आणि तोड काढली. मागची सीट काढा, शेजारची काढा. गाडी सारवायची. रोज संध्याकाळी गोमूत्र शिंपडायचं. आणि चालवणारीनं अनवाणी बसायचं.

छाया हो म्हणाली. सोन्याचा पत्रा मार म्हटलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

सहा वर्षं असं चाललं होतं. सोमवारी आणि शुक्रवारी नवसाबाई पदर खोचून गाडीत शिरायच्या आणि ओंजळभर शेणानं सगळा तळ सारवायच्या, पार क्लच-ब्रेकच्या खालपर्यंत. देवाची खोली काय कोपरे सोडून सारवतात? बोटांच्या अर्धगोल रेघा अशा देखण्या उमटायच्या की तिथे बसून जेवावं. गाव हसायचं. पण त्या गारव्यात फुलं दुपारपर्यंत टवटवीत राहायची, पंचवटीतले पुजारी छायाची गाडी येईपर्यंत थांबायचे, आणि हसणाऱ्यांची तोंडं आपोआप मिटली.

आणि छाया? तिला विचाराल तर ती म्हणाली असती, फुलं पोचवायला जाते, दुसरं काय. ते खोटं होतं. मळा, चूल, गोठा आणि पोरांची दप्तरं यांत दिवसभर ती सगळ्यांची होती. फक्त चाक हातात असायचं तेवढा वेळ ती स्वतःची असायची. उजाडायच्या वेळी रस्ता मोकळा, काच खाली, वाऱ्यात शेवंतीचा वास. तो आपोआप आला तर हुंगल्याचं पाप लागत नाही असं तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. बाजारात तिला कुणी ललितची बायको म्हणत नसे. गाडीवाली छाया म्हणत. हे नाव तिला फार आवडायचं, आणि आवडतं हे ती कुणाला सांगत नसे.

पेठ नाक्याजवळ सावळीराम मिस्त्रीची शेड होती. दुसऱ्या दिवशी छायानं गाडी तिथे नेली. सडक्या गाड्यांना पत्रा लावावा तर त्यानंच. माणूस आडदांड, पोट सुटलेलं, आणि जीभ वेल्डिंगच्या ज्योतीसारखी. त्यानं पेट्रोलची टाकी काढून बाहेर ठेवली, बॅटरीची वायर सोडली, भोकाभोवतीचा जुना रंग जाळावा म्हणून तळाला ज्योत लावली आणि दुसऱ्या क्षणी खोकत मागे सरला. गाडीतून गोवरीचा धूर येत होता.

"आयला, ही गाडी हाय का चूल?"

छायानं खाली मान घालून सगळं सांगितलं. सावळीराम आधी ऐकत राहिला, मग हसायला लागला आणि हसता हसता एका जुन्या टायरवर बसला. "चाळीस वर्षं हा धंदा करतोय," तो डोळे पुसत म्हणाला. "डांबर भरलेली गाडी बघितली, सिमेट भरलेली बघितली. एकानं तर गोणपाट कोंबलं हुतं. पण सारवलेली गाडी! ताई, रांगोळी तेवढी ऱ्हायली का वो?"

मग तो खरवडायला बसला आणि त्याचं हसणं गेलं. शेणाचे थरावर थर निघाले. त्यांच्याखाली पत्रा नव्हताच. तांबूस पापुद्रे होते, बोटानं मोडावेत असे. जो काही तळ होता तो शेणानंच धरून ठेवला होता. मग त्यानं दाराखाली लांब गेलेल्या पत्र्याच्या पेटीवर हातोडीचा ठोका मारला. आवाज बद आला. दुसऱ्या बाजूला मारला, तिथेही तसाच. पेटीत स्क्रू-ड्रायव्हर घातला तर मुठीपर्यंत आत गेला.

"ह्या गाडीला ट्रकावानी येगळी चेसी नसती, ताई," तो म्हणाला. आता आवाजात थट्टा नव्हती. "बॉडी हीच चेसी. ह्या दोन पेट्या म्हंजी गाडीची कंबर. शेणाची वल अन् गोमूत्राचा खार, दोन्ही झिरपून हितं साचलं. भाईरून कुणाचा नुसता धक्का लागला असता ना, तर गाडी मधोमध दुमडली असती. तुमी बसता तितंच."

संध्याकाळी ललित कारखान्यातून परस्पर शेडवर आला. सावळीरामनं त्यालाही स्क्रू-ड्रायव्हर घालून दाखवला. ललित पांढराफटक पडला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरट होता, आणि घाबरट माणसाला सगळ्यात सोपा निर्णय लगेच सुचतो.

"भंगारात देऊन टाकू," तो म्हणाला. "फुलं कांदेवाल्या गेणूच्या टेम्पोत जातील. आता चार दिवस जाणारच आहेत, तशी पुढेही जातील."

"दुरुस्त होते म्हणतात ना मिस्त्री."

"होईल. पुढे काय? आई परत सारवणार. आणि आईला सांगायची हिंमत आहे कुणाची? तिच्या हातानं गाडी सडली, तू मरता मरता वाचलीस, हे कळलं तर ती अन्न सोडेल, छाया. त्यापेक्षा गाडी सोडलेली बरी."

गेणूचा टेम्पो म्हणजे कांद्याच्या गोण्यांवर फेकलेल्या टोपल्या, आणि छाया घरी. पोरं शाळेत गेल्यावर भांडी, मग गोठा, मग परत भांडी.

"अहो, मी सांगेन त्यांना," ती शेवटी म्हणाली. "पण गाडी द्यायची नाही."

सावळीराम मध्ये पडला. "मी पत्रा लावतो. झ्याक लावतो. पण आधी सांगून ठेवतो ताई, परत त्यात शेण पडणार असंल तर मी हात लावायचा नाय. दोन पावसाळ्यांत हेच व्हईल, अन् त्या टायमाला टाचेवर भागायचं नाय. माझ्या हातची गाडी अशी मोडलेली मला बघायची नाय. कबूल?"

"कबूल," छाया म्हणाली.

कबूल करणं सोपं असतं. त्या रात्री जेवताना तिनं तोंड उघडलं, तर नवसाबाईच म्हणाल्या, "आज गेणूच्या टेम्पोत टोपल्यांवर कुणाची तरी पायताणं ठिवलेली दिसली गं मला. देवा, चार दिवस माफ कर रे बाबा." आणि त्यांनी ताटातच हात जोडले. छायानं घास गिळला आणि शब्दही गिळले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं तर पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी पाहुणे नव्हते, पण धीरही नव्हता. सांगितलं तर म्हातारी खचणार. खचली नाही तरी कायदा कायदाच. सारवल्याशिवाय फुलं गाडीत चढणार नाहीत, म्हणजे गाडी गेलीच. आणि नाही सांगितलं तर सोमवारी शेणाची बादली येणार. आड आणि विहीर यांत निवडायचं होतं, आणि छाया मध्ये उभी राहून दिवस ढकलत होती.

रोज दुपारी मात्र काहीतरी निमित्त काढून ती शेडवर जायची. सावळीरामनं कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-उभे टाकून पक्के जोडले. "कंबर कापायची म्हंजी गाडी मधी बसती," तो म्हणाला. "मंग नवी पेटी कितीबी झकास लावा, दार जलमात लागत नाय. म्हनून आधी कुबड्या द्यायच्या." मग त्यानं सडलेला भाग कापत कापत चांगल्या लोखंडापर्यंत नेला. हातोडीला खणखणीत आवाज आला तिथेच थांबला. नवा पत्रा वाकवून त्यानं पेट्या घडवल्या आणि बसवल्या. एकदम सलग जोड घेतला नाही. इथे एक टाका, मग वीतभर सोडून दुसरा, मध्ये ओलं फडकं लावून गार होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा तापून पापडासारखा वाकडा होतो. मग टाक्यांमधली जागा भरत गेला. तळालाही नवा पत्रा आला, त्यावर लाल प्रायमर.

शनिवारी त्यानं कुबड्या कापून काढल्या. छाया बाजूला उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. गाडी किंचित कुरकुरली आणि स्थिर झाली. टाकी बसवून, बॅटरीची वायर जोडून सावळीरामनं चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं आणि नुसतं सोडून दिलं. दार आपसूक येऊन कडीला लागलं, खट्.

छायाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे कबूल करायला तिला त्या क्षणी काही लाज वाटली नाही.

तेवढ्यात शेडपुढे रिक्षा थांबली आणि तिच्यातून नवसाबाई उतरल्या. एका हातात झाकलेली बादली, दुसऱ्या हातात तांब्या.

"झाली का गं गाडी? म्हटलं हितंच सारवून घ्यावी," त्या आत येत म्हणाल्या. "आगीतनं निघालेलं लोखंड हाय. तसंच नेऊन देवाच्या फुलांखाली घालायचं का? अन् मिस्तरी, क्लचची पलेट बदलाया येवढे दिस लागत्यात व्हय?"

सावळीरामनं छायाकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. तो पाना खाली ठेवून गाडीच्या दाराशी जाऊन उभा राहिला, दोन्ही हात कमरेवर. पण तोंड उघडलं नाही. बोलायचं ते त्याचं नव्हतं.

नवसाबाईंनी बादलीवरचं फडकं काढलं.

"आत्याबाई, नका," छाया म्हणाली. "गाडी त्यानंच सडलीय."

"कशानं?"

भिंतीला कापून काढलेले तुकडे टेकवून ठेवले होते. छायानं त्यातला एक उचलला आणि सासूपुढे धरला. वरच्या बाजूला शेणाचा वाळलेला थर होता, त्यावर चार बोटांच्या अर्धगोल रेघा, एकीला दुसरी लागून. नवसाबाईंनी आपला हात ओळखला. मग छायानं तुकडा उलटा केला. मागून पत्र्याची चाळण झाली होती, आणि तिच्यातून लाल भुगा छायाच्या पायांवर सांडला.

नवसाबाईंनी बादली खाली ठेवली. सावळीरामनं टायर पुढे सरकवला, त्यावर त्या बसल्या.

"पलेट गेली न्हवती," त्या म्हणाल्या.

"नाही. तळ गेला होता. माझी टाच आरपार गेली तेव्हा कळलं."

"टाच? कुनाची टाच?"

छायानं ओठ चावला. पण आता उशीर झाला होता.

"दाव," नवसाबाई म्हणाल्या.

"बरी झालीय आता."

"दाव म्हनते ना."

छायानं साडी वर धरून पाय थोडा पुढे केला. नवसाबाईंनी वाकून तो पाय दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा! छाया घाबरून मागे सरू लागली, पण म्हातारीची पकड टोपल्या उचलून घट्ट झालेली होती. टाचेवर खपली धरलेली लांब जखम होती. नवसाबाईंनी अंगठा तिच्या कडेनं फिरवला.

"अन् तशीच गाडी नेलीस बाजारात?"

"फुलं वाळली असती."

"फुलं!" नवसाबाई असं काही ओरडल्या की रिक्षावालाही वळून पाहू लागला. "फुलं वाळली असती म्हनं! अगं, फुलं देवानं मागितली न्हवती, मी देते ती. तू रस्त्यात मोडून पडली असतीस तर ती फुलं मी कुठल्या तोंडानं वाहिली असती? सहा वरसं माझी लेक माझ्याच हातच्या शेनाच्या पापुद्र्यावर बसून जात हुती, अन् मी वर रेघा काढीत हुते." त्यांचा आवाज फाटला. "अन् तुला सांगायचं भ्या वाटलं मला. येवढी वंगाळ हाय का गं मी?"

"वंगाळ नाही हो," छाया रडत म्हणाली. "तुम्ही गाडी बंद कराल म्हणून. सारवल्याबिगर तुम्ही फुलं चढवू देणार नाही, मग गाडी जाईल. मला गाडी पाहिजे, आत्याबाई. फुलांसाठी नाही. मला पाहिजे."

एवढं स्पष्ट ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिची तिलाच धडकी भरली. आता सासूचं तोंड सुटेल किंवा नुसतं मौन मिळेल. मौन जास्त वाईट. सावळीराम उगाचच एक नट पुसत राहिला.

नवसाबाईंनी सुनेचा पाय हळूच खाली ठेवला, पदरानं नाक पुसलं आणि उठल्या. गाडीत डोकावून लाल तळ पाहिला, हातानं दाबून पाहिला. मग वळल्या.

"मिस्तरी, आत चढ."

"मी, मावशी?"

"तूच. चांगला जाडा हायेस. चढ अन् उड्या मार."

"अवो, पत्रा नवा हाय, मी गॅरंटी–"

"तुझी गॅरंटी तुझ्यापाशी. मला डोळ्यानं बघू दे. मार उड्या."

तेव्हा पेठ नाक्यावरच्या नामांकित सावळीराम मिस्त्रीनं, टपाला डोकं लागू नये म्हणून कमरेत वाकून, पद्मिनीच्या तळावर उड्या मारल्या. मागे मारल्या, मध्ये मारल्या. नवसाबाई खाली वाकून पेट्यांकडे बघत होत्या. "आता तितं, तिची टाच असती तितं," असं म्हणून त्यांनी पुढेही मारायला लावल्या. गाडी डुलली, पण कुठे कुरकुरली नाही. मग चारी दारं त्यांनी स्वतः उघडून लावून पाहिली. सावळीराम धापा टाकत बाहेर आला आणि त्याच टायरवर बसला.

"आत्याबाई," छायानं भीत भीत विचारलं, "मग फुलं?"

नवसाबाईंनी बादलीवर फडकं परत घातलं.

"फुलं टोपलीत असत्यात का न्हाय? मंग टोपली सारवीन. टोपली सडली तर बुरूड नवी दील. तू मोडलीस तर तुला कुठनं आनू?"

छायाला हुंदका आवरेना. ती गाडीच्या बॉनेटवर डोकं ठेवून रडू लागली. नवसाबाईंनी तिला तसंच थोडं रडू दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मग नेहमीच्या आवाजात खेकसल्या.

"पुरं आता. गाडी काढ अन् आधी गेणूच्या घराकडं घे. उद्यापास्नं टेम्पो आणू नगं म्हनावं."